मधे बसलेला केक

मैत्रिणींनो, केक मधे बसला की आपण काय करतो? मुलांना म्हणतो, "कडेकडेचा खा." मधला भाग वाटीत काढून त्यावर कस्टर्ड ओततो आणि पुडिंग म्हणून खपवतो. पाहुण्यांपुढे तर तो जातच नाही. पण अमेरिकेत असे एक शहर आहे, की तिथे मधे बसलेला, गिच्च केकच लोक मुद्दाम विकत घेतात, आणि तो बसला नाही तर "बिघडला" म्हणतात. त्या शहराचे नाव सेंट लुईस. २०२३ च्या मे-जूनमध्ये मी तिथे सहा आठवडे राहून आले.

तुम्ही म्हणाल, वाईची ही बाई दोन मुले आणि अर्धवेळ शाळा सोडून केक खायला अमेरिकेला गेली की काय! तसे नाही. गेले ते बाळंतपणाला. माझी धाकटी बहीण तिथे असते. खरे तर असल्या कामाला आईने जायचे. पण २०१९ मध्ये धाकटीने झालेला साखरपुडा मोडला आणि दोन वर्षांनी तिथल्याच एका मुलाशी लग्न केले. तेव्हापासून आई तिच्याशी बोलत नव्हती. "चूक केलीस, आता तूच निस्तर," एवढे म्हणून तिने विषय मिटवला. धाकटीचा फोन आला की ती देवघरात जाऊन बसे. मी निघाले त्या दिवशी मात्र, मी पाया पडायला वाकले तेव्हा म्हणाली, "तिकडे गार असतं म्हणतात. बाळंतिणीला कान बांधायला सांग."

नाव घेतले नाही. बाळंतीण म्हणाली. तेवढा निरोप आणि मी केलेले डिंकाचे लाडू घेऊन मी विमानात बसले.

शिकागोला विमान बदलून सेंट लुईसला उतरले, तर कान बांधण्यासारखी थंडी कुठेच नव्हती. वाईला डिसेंबरात दुपारी असते तशी हवा! मी पोचले आणि चौथ्या दिवशी मुलगा झाला. बाळ-बाळंतीण घरी आल्यावर माझा दिवस तेल-पाणी, शेक-शेगडीत जायचा. (शेगडी कसली, गरम पाण्याची पिशवी!) पण दुपारी दोघे झोपली की धाकटीच्या सासूबाई, म्हणजे आमच्या विहीणबाई, मला गाडीत घालून गाव दाखवायला नेत.

सेंट लुईस मिसिसिपी नदीच्या काठी वसलेले. १७६४ साली फ्रेंच व्यापाऱ्यांनी ते वसवले आणि फ्रान्सच्या एका राजाचे नाव दिले. नदीकाठी पोलादाची एक प्रचंड कमान आहे. उंची ६३० फूट, आणि दोन पायांमधले अंतरही ६३० फूट. १९६५ मध्ये ती पुरी झाली. कमानीच्या पोटातून वर जायला पिंपासारखे छोटे डबे आहेत. एकेका डब्यात पाच माणसे गुडघ्याला गुडघे लावून बसतात आणि चार मिनिटांत वर पोचतात. वरच्या चिंचोळ्या खिडकीतून मिसिसिपी पाहिली. गढूळ, अवाढव्य, कृष्णेला पहिला पूर येतो तशा रंगाची. मला उगाचच घाटावरचा ढोल्या गणपती आठवला.

पण मला आवडला तो गावाचा दक्षिण भाग. एकोणिसाव्या शतकात तिथे जर्मन लोक फार मोठ्या संख्येने आले. लाल विटांची बसकी, नीटस घरे, पुढे दोन पायऱ्या, कोपऱ्यावर जुनी बेकरी. विहीणबाई त्यातल्याच एका घरात एकट्या राहतात. सत्तरीच्या आहेत. मला आधी त्यांची धास्तीच होती. आपण मुलीकडची बाजू ना! त्यातून आईच्या जागी मी आलेली. "आई का नाही आल्या?" असे विचारले तर काय सांगू, याची जुळवाजुळव मी विमानातच करून ठेवली होती. त्यांनी विचारलेच नाही.

पहिल्या रविवारी सकाळी त्या खोक्यातून एक केक घेऊन आल्या. चौकोनी, जेमतेम दोन बोटे उंच, कडा फुगलेल्या, मध्य खाली गेलेला, वर पिठीसाखर भुरभुरलेली. सुरी घातली तर मधला भाग लिबलिबीत, सुरीला चिकटून आला. मी भाबडेपणाने विचारले, "हा कच्चा राहिलाय का?" त्या इतक्या हसल्या, की बाळ दचकून उठले.

मग त्यांनी गोष्ट सांगितली. या केकला 'गूई बटर केक' म्हणतात. गूई म्हणजे असाच, गिच्च. १९३० नंतरच्या मंदीच्या दिवसांत इथल्या एका जर्मन बेकरीत कारागिराने लोणी आणि मैद्याचे प्रमाण उलटसुलट केले. कुणी म्हणतात, बेकरीत लोण्याची दोन मिश्रणे असत, एक केकसाठी आणि एक नुसते चिकटवण्यासाठी. नव्या माणसाने चुकून दुसरे घातले. कोणत्या बेकरीत हे घडले यावर आजही एकमत नाही. एकाहून जास्त घराणी तो मान आपल्याकडे ओढतात. पण पुढचा भाग सगळे सारखाच सांगतात. दिवस टंचाईचे होते, एवढे लोणी-साखर टाकून देणे शक्य नव्हते. म्हणून तो बिघडलेला केक तसाच विकायला ठेवला. आणि गिऱ्हाइके दुसऱ्या दिवशी परत तोच मागायला आली!

बेकरीतल्या जुन्या केकमध्ये खाली यीस्टचा पाव असतो आणि वर लोणी-साखरेचा थर. क्रीम चीज नसते. घरोघरच्या बायका करतात तो प्रकार वेगळा. खाली केकचे दडपलेले पीठ, वर क्रीम चीजचा थर आणि हवे तर त्यात फळांच्या रसाची नक्षी. क्रीम चीज म्हणजे मलईदार, जरासे आंबूस, मऊ चीज. १८७२ च्या सुमारास न्यू यॉर्क राज्यातल्या एका गवळ्याने ते पहिल्यांदा विकायला काढले. आपल्याकडे दुकानात दिसते त्यावर फिलाडेल्फिया नाव असते, पण जन्म न्यू यॉर्कचा. त्यात तिसरा हिस्सा तरी स्निग्धांश असतो.

विहीणबाईंनी मला सूलार्डच्या बाजारात नेले. १७७९ पासून त्या जागी बाजार भरतो म्हणतात. आपल्या मंडईसारखाच गलका. फक्त भाव करायचा नाही! जून लागला होता, स्ट्रॉबेरीचे शेवटचे दिवस. फळ लहान, पण देठापर्यंत लाल. मी वास घेऊन पाहिला आणि म्हटले, आमच्या गावावरून वर घाट चढला की पाचगणी-महाबळेश्वरला हेच फळ पिकते. त्यांना खरेच वाटेना. हत्ती आणि स्ट्रॉबेरी एकाच देशात कशी, म्हणाल्या.

घरी येऊन त्यांनी केक करून दाखवला. पाव किलो स्ट्रॉबेरी चार चमचे साखर आणि लिंबाचा रस घालून जॅमसारखी दाट आटवली. रस पातळ राहिला तर केकच्या तळाशी जातो आणि नक्षी उठत नाही. केकचे तयार पीठ एक खोके, त्यात एक अंडे आणि वितळलेले लोणी घालून तेरा बाय नऊ इंची भांड्यात हाताने दाबून बसवले. मग २२५ ग्रॅम क्रीम चीज फेटले. ते आधी तासभर बाहेर हवे, गार असले की गुठळ्या राहतात. त्यात दोन अंडी, व्हॅनिला, पुन्हा लोणी आणि चांगली साडेचारशे ग्रॅम पिठीसाखर! हे पिठावर ओतले, वर चमच्याचमच्याने स्ट्रॉबेरी टाकली आणि सुरीच्या टोकाने इंग्रजी आठचे आकडे काढले. पाच-सहाच. जास्त ढवळले की नक्षी जाऊन सगळे गुलाबी होते. ओव्हन ३५० फॅरनहाइट, म्हणजे आपले १७५ सेल्सिअस. पस्तीस ते चाळीस मिनिटे. कडा सोनेरी झाल्या, पण भांडे हलवले तर मध्य डुचमळला पाहिजे. तेव्हाच काढायचा. साखर भरपूर आणि मैदा जवळजवळ नाही, म्हणून तो थर केकसारखा घट्ट होत नाही. निवल्यावर जेमतेम धरतो.

दोन दिवसांनी मी एकटीने केला. चाळीस मिनिटांनी पाहिले, मध्य डुचमळत होता. आता इतक्या वर्षांची सवय, विणायची सुई घातली तर स्वच्छ बाहेर आली पाहिजे! मनाला पटेना. आणखी पाच मिनिटे, आणखी पाच, असे करत पंचावन्न मिनिटे ठेवला. झाले काय? वरून तडकला आणि आतून वडीसारखा झाला. मेहुण्यांनी बिचाऱ्यांनी "छान, छान" म्हणत खाल्ला.

धाकटी बाळाला घेऊन स्वयंपाकघरात आली. एक तुकडा मोडून हसायला लागली. "ताई, तुला सगळं पक्कंच लागतं. अगदी आईसारखं," म्हणाली आणि हसता हसता रडायला लागली. दोन वर्षांत पहिल्यांदाच ती आईविषयी बोलली. म्हणाली, "माझं चुकलं असेल. साखरपुडा मोडला तो चुकीच्या वेळी मोडला. त्या मुलाकडच्यांना, आईला त्रास झाला. पण ताई, त्या चुकीतून हे सगळं झालंय ना! हे घर, हे बाळ. हेही चुकीचंच का?" मला काही उत्तर सुचेना. मी तिचे कान बांधलेले नीट केले. हो, आईचा निरोप तिने पहिल्या दिवसापासून पाळला होता. जूनच्या उकाड्यात!

जूनच्या मध्याला शाळा सुरू होणार म्हणून परत आले. आईने बाळाचे फोटो पाहिले, "बरा आहे," म्हणाली आणि भाजी निवडायला घेतली.

२०२४ च्या जानेवारीत पाचगणीची स्ट्रॉबेरी बाजारात भरभरून आली आणि मला तो केक आठवला. क्रीम चीज महाग, म्हणून चक्क्यावर करून पाहिला. तुमच्यासाठी प्रमाण देते. आठ इंची भांड्याला दीडशे ग्रॅम मैदा, पाऊणशे ग्रॅम पिठीसाखर, अर्धा चमचा बेकिंग पावडर, चिमूट मीठ, सत्तर ग्रॅम वितळलेले बटर आणि एक अंडे कालवून तळाशी पसरायचे. वर दोनशे ग्रॅम चक्का, पन्नास ग्रॅम मऊ बटर, पावणेदोनशे ग्रॅम पिठीसाखर, एक अंडे, व्हॅनिला आणि एक मोठा चमचा मैदा. चक्क्यात स्निग्धांश कमी आणि पाणी जास्त, म्हणून हा मैदा हवाच. दही म्हशीच्या दुधाचे, रात्रभर टांगलेले. दोन्ही मिश्रणे नीट फेटा. बाकी कृती तीच.

संध्याकाळी आई आली होती. तिला अंडे चालत नाही, पण केकमधले चालते! बशी हातात घेऊन म्हणाली, "मधे बसलाय गं."

"तो तसाच असतो," म्हटले, आणि तिला बेकरीची गोष्ट सांगितली. ती खाता खाता ऐकत होती.

"चुकून झालेला म्हणतेस?"

"हो."

"आणि टाकून नाही दिला."

मी गप्प राहिले. आईने बशी चमच्याने निपटून स्वच्छ केली. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. सात वाजायला आले होते.

"तिकडे आता सकाळ झाली असेल ना?" ती म्हणाली. "लाव बघू तिला फोन. बाळ उठलं असेल तर दाखव म्हणावं."

मैत्रिणींनो, स्ट्रॉबेरी मिळते आहे तोवर हा केक जरूर करून पाहा. चक्का मात्र ताजा घ्या, आंबट नको. आणि मध्य डुचमळला तरी ओव्हन बंद करा.