आजची भाकर

उद्याचा दिवस आजच्यापेक्षा बरा उगवेल, या भरवशालाच आपण बहुधा आशा म्हणतो. तो फळाला आला की आनंद, न आला की निराशा. तीन वर्षांपूर्वी माझ्या सौभाग्यवतीला अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू लुळी पडली, तेव्हा असा भरवसा कुणीच देईना. ती पुन्हा चालेल का, या प्रश्नाला डॉक्टरांनी होयही म्हटले नाही आणि नाहीही.

फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली आमच्या गोव्यात, रायतूर येथे छापले गेले. एम. ए.ला ते मी भाषेसाठी अभ्यासले होते. बायबल मात्र जिवाच्या गरजेने हाती घेतले, ते तिच्या उशाशी जागताना. घरची देवपूजा होती तशीच आहे. शेजारी हा एक ग्रंथ आला एवढेच.

त्यात मान्नाची कथा आहे. मिसर देशाच्या दास्यातून सुटलेले इस्राएल लोक रानात भुकेले झाले, तेव्हा पहाटे दवासोबत अन्न उतरू लागले. प्रत्येकाने दिवसापुरते वेचावे, असा नियम होता. ज्यांनी दुसऱ्या दिवसासाठी ठेवले, त्यांच्या अन्नात किडे पडले. शब्बाथाचा तेवढा अपवाद. पुढे येशूने शिष्यांना प्रार्थना शिकवली, तीतही मागणे एका दिवसाच्या अन्नाचेच. मराठी भाषांतरकारांनी त्याला ‘भाकर’ म्हटले आणि ती प्रार्थना आपल्या चुलीपाशी आणून बसवली.

मला वाटते, या ग्रंथातली आशा अशी दिवसाच्या मापाने मिळते. वर्षाची बेगमी करून ती कणगीत भरता येत नाही. म्हणून आम्ही उभयतांनी ‘कधी’ हा प्रश्न बाजूला ठेवला. आज चमचा तोंडापर्यंत गेला. आज तिने भिंतीला धरून चार पावले टाकली. आज काहीच जमले नाही, पण नातवाच्या बोबड्या बोलांवर ती खळखळून हसली. हीच त्या त्या दिवसाची भाकर.

पौलाचे फिलिप्पैकरांस लिहिलेले पत्र अवघ्या चार अध्यायांचे. ते त्याने बंदिवासात लिहिले. तरी आनंदाचा उच्चार त्यात पुन्हा पुन्हा येतो. असेल त्या स्थितीत समाधानी राहायला आपण शिकलो, असे तो म्हणतो. माझ्यातला शिक्षक त्या ‘शिकलो’पाशी थबकला. समाधान हे उपजत दान नसून अभ्यासाचा विषय असेल, तर मंदबुद्धी विद्यार्थ्यालाही धीर धरायला जागा आहे. पाठ मात्र रोज गिरवला पाहिजे.

असा पाठ पंडिता रमाबाईंनी गिरवला. आईवडील दुष्काळात गेले, पुढे भाऊ आणि पतीही गेले. सामान्य स्त्रियांना समजावे म्हणून त्यांनी हिब्रू व ग्रीक मुळांवरून सोप्या मराठीत बायबल उतरवायला घेतले. १९२१ साली एकुलती एक कन्या मनोरमा गेली, १९२२ साली त्या स्वतः गेल्या. त्यांचे भाषांतर १९२४ साली प्रसिद्ध झाले. ते छापील रूप त्यांना पाहायला मिळाले नाही. रोजचे पान मात्र त्यांनी रोज लिहिले असणार.

ती पुन्हा पूर्वीसारखी चालेल का, हे मला आजही ठाऊक नाही. आज सकाळी तिने डाव्या हाताने तुळशीला पाणी घातले. आजच्यापुरते तेवढे पुष्कळ आहे.