हुतात्म्याचं मूळ शोधताना

डब्लिनला जाण्याचा योग आलाच, तर मार्लबरो रस्त्यावरच्या सेंट मेरीज चर्चसमोर जरा थांबा. तिथं एक बाई आणि एक पुरुष यांचं शिल्प आहे. बाई म्हणजे मार्गारेट बॉल. पुरुष तिचा नातजावई फ्रान्सिस टेलर. दोघंही कॅथलिक धर्मापायी डब्लिनच्या किल्ल्यात कैदेत वारले. ती १५८४ साली, तो १६२१ साली.

मार्गारेट माहेरची बर्मिंगहॅम. नवरा डब्लिनचा महापौर. वीस मुलं झाली, जगली पाच. एलिझाबेथ राणीच्या अमलात मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची प्रार्थना, करायला बंदी होती. तरी ही आपल्या घरात पाद्र्यांना आसरा देई. तिला पकडवलं कुणी, ठाऊक आहे? पोटच्या मुलानं, वॉल्टरनं! तोही महापौर झाला होता. आईला संधिवातानं चालवेना, म्हणून लाकडी फळ्यांवर घालून भर रस्त्यातून नेलं. राणीला धर्मप्रमुख मानायची शपथ घेतली असती, तर ती सुटली असती. घेतली नाही. आणि मृत्युपत्रातून मुलाचं नावही काढलं नाही. (पोटच्या पोराचं काढवतं का हो?)

आता, 'आमच्या घराण्यात असा कुणी हुतात्मा होऊन गेला का?' म्हणून शोधायला निघणाऱ्या आयरिश माणसाची गाडी फार लवकर अडते. १९२२ साली फोर कोर्ट्समधला सरकारी दप्तरखाना जळाला. जुनी मृत्युपत्रं, शिरगणतीचे कागद, बहुतेक सगळ्यांची राख. उरल्या कॅथलिक चर्चच्या वह्या. नॅशनल लायब्ररीनं २०१५ साली त्या इंटरनेटवर फुकट खुल्या केल्या. त्यांत बाळाच्या बाप्तिस्म्यापुढे आईचं माहेरचं आडनाव पुष्कळदा सापडतं, ही आपल्याला आवडेल अशी गोष्ट. पण खेड्यांतल्या वह्या बहुधा १८०० नंतरच्याच. मधल्या दोनशे वर्षांचं काय? नुसतं आडनाव जुळलं म्हणून नातं जोडायचं, हे काही मला पटत नाही.

मार्गारेटला १९९२ साली पोपनी इतर सोळा जणांबरोबर 'धन्य' घोषित केलं. एखाद्या बॉल घराण्याची साखळी तिच्यापर्यंत जुळलीच, तर वंशवेलीत तिच्या नावाखाली वॉल्टरचंही नाव लिहावं लागेल. कदाचित त्याच्याच खाली स्वतःचं.