घराणं कुणाचं?

झाडीपट्टीत धान कापून झालं की नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडशाच्या कंपन्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावोगावी जातात. दिवसा शंकरपट, रात्रभर नाटक. नाट्यपदातून रागदारी आमच्या कानांवर पडली ती तिथेच. मैफलीचं गाणं मात्र रेडिओवरूनच आलं.

आता माझी मुलगी गाणं शिकते. नातेवाईक विचारतात, "आपल्यात हे चालतं का?" आणि क्लासबाहेर थांबलेले इतर पालक कौतुकानं विचारतात, "तुमच्यात शिकवतात का हे?" प्रश्न दोन, पण समज एकच: हे गाणं आपलं नाही, त्यांचं आहे.

आज महाराष्ट्र जी ख्यालगायकी ऐकतो, तिच्या घराण्यांकडे जरा पाहा. ग्वाल्हेरची गायकी हद्दू-हस्सू खाँ यांची. ती इकडे रुजवली बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी. गाणं मोकळं, बंदिश नीट मांडून मग आलाप, बोल, ताना. आग्र्याचे फैयाज खाँ नोमतोमच्या आलापानं सुरुवात करत आणि पुढे शब्द नि लय यांच्याशी खेळत. जयपूर-अत्रौलीचे अल्लादिया खाँ कोल्हापूर दरबारी होते. अनवट आणि जोडराग, पेचदार ताना ही त्यांची खूण. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर. किराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले. एकेक सूर लावत रागाची सावकाश बढत ही त्यांची रीत. त्यांचे शिष्य सवाई गंधर्व आणि सवाई गंधर्वांचे शिष्य भीमसेन जोशी.

फरक कळायला पुस्तक लागत नाही. भीमसेन आणि मल्लिकार्जुन मन्सूर यांना पाठोपाठ ऐका. दोघेही धारवाडकडचे. एक सुरावर थांबून तो भरत जातो, दुसरा लय हातची न सोडता पेच घालत जातो. मन्सूरांना ही गायकी अल्लादिया खाँसाहेबांच्या मुलांनी, मंजी खाँ आणि भुर्जी खाँ यांनी दिली. उस्तादानं गंडा बांधला की शिष्य घराण्यातला होतो. आडनाव तेच राहतं.

अब्दुल करीम खाँ 1937मध्ये गेले. त्यांची कबर मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यात आहे. तिथल्या उरुसात नामवंत गवई येऊन हजेरी लावतात. मिरजेचेच मुस्लिम कारागीर भोपळ्यापासून तंबोरे घडवतात आणि ते देशभरच्या मैफलींत वाजतात.

संगीत जायज की नाजायज, यावर उलेमांमध्ये जुने मतभेद आहेत. तो निवाडा मी करणार नाही. पण हे गाणं आपल्या लोकांनी शिकवलं नाही, असं मुलीला कुणी सांगितलं, तर ते खोटं ठरेल. आणि ते फक्त आपलंच आहे, असं मी सांगितलं, तर तेही खोटं. जो बसून रियाज करील, घराणं त्याचं.