माजघरातला उजेड

गेल्या शनिवारी वाईला आजोळी जाऊन आलो. दिवाळीनंतर वाडा पाडणार, तिथे चार मजली इमारत होणार. मामाने सही केलीय. आमच्याकडे वाड्याचे फोटो म्हणजे सगळे मुंजी-लग्नांतले. त्यात माणसंच माणसं, वाडा कुठेच नाही. म्हटलं निदान एवढं तरी करू... कॅमेरा, ट्रायपॉड, लॅपटॉप घेतला आणि निघालो.

चौकातले फोटो पटापट झाले. माडीवर फळ्यांची जमीन, मामी चहा घेऊन आली की ट्रायपॉड थरथरणार! पण खरी परीक्षा माजघराची. जाड भिंती, हातभर खिडकी आणि चौकाच्या दारातून येईल तेवढाच उजेड. फ्लॅश मारला की सगळं पासपोर्टच्या फोटोसारखं सपाट. ट्यूब लावली तर तिचा रंग एक, बाहेरच्या उजेडाचा दुसरा. म्हणून ट्यूब बंद.

"अरे दिवा लाव की, ठेचकाळशील," इति आजी.

कोनाड्याची भिंत फ्रेममध्ये घेतली. आयएसओ १००, अ‍ॅपर्चर एफ/८. मीटर म्हणाला ८ सेकंद. बटण दाबताना कॅमेरा हलू नये म्हणून २ सेकंदांचा टायमर. फोटो झकास आला, कोपरान् कोपरा लख्ख! लगेच आजीला लॅपटॉपवर दाखवला. चष्मा वर-खाली करत ती म्हणाली,

"कुणाचं रे हे घर?"

"आजी, आपलं माजघर!"

"छे! एवढा उजेड कधी होता इथे?"

चूक माझीच. मीटर बिचारा समोर येईल ते मध्यम करडं आहे असं धरून चालतो. बर्फ दाखवा, करडा करेल. अंधार दाखवा, तोही करडा करेल. अंधार अंधारच हवा असेल तर ते आपणच सांगायला लागतं. एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा. दोन स्टॉप कमी केले, ८ चे २ सेकंद झाले. काळोखात कॅमेऱ्याचा स्क्रीन आहे त्यापेक्षा उजळ वाटतो, म्हणून हिस्टोग्राम बघितला. डावीकडे झुकलेला, पण कडेला पार चिकटलेला नाही. आजीला कोनाड्यापाशी बसवलं. "हलू नकोस हं." तिने चक्क श्वास रोखला :)

या फोटोत पितळी डब्यांच्या कडा, अर्धा कोनाडा आणि आजीचा एक गाल. बाकी काळोख. बराच वेळ ती बोललीच नाही. मग एका काळ्या जागेवर बोट ठेवून म्हणाली, "इथे खुंटी आहे. ह्यांची टोपी असायची."

मला तर काहीच दिसेना. रॉ फाईल उघडून शॅडोजचा स्लायडर वर ओढला. खुंटी होती!

स्लायडर परत खाली आणला. आजीसाठी हाच फोटो मोठा प्रिंट करून घेणार आहे. नव्या फ्लॅटमध्ये उजेड भरपूर असेल असं मामा म्हणतो.

असो.