कोपऱ्यातली चुणी

शेततळ्याच्या कागदावर चप्पल घालून उतरणारा माणूस मी माझ्या टोळीत कधी टिकू दिला नाही. आता मीच बूट घालून काठावर बसतो. साखरेने तळपाय बधिर केले. डॉक्टरांनी अनवाणी चालायला सक्त मनाई केली, कारण भाजलं तरी मला कळणार नाही. आणि आमचा काळा कागद भर उन्हात साठ-सत्तर अंशांपर्यंत सहज तापतो.

लोकांना वाटतं चुणी डोळ्यांना दिसते. डोळ्यांना फक्त ती आहे एवढंच दिसतं. ती कशाची आहे हे तळपायाला कळतं. गोदामात घडी होऊन पडलेल्या कागदाची चुणी पायाखाली ताठ लागते, दाबली तरी जागची हलत नाही. उन्हाने फुगलेली चुणी दाबली की पुढे पळते. खाली मुरूम बसला नसेल तर तिथे चुणी नसतेच, पोकळी असते, आणि कागद वरून अगदी सपाट दिसतो. हे सगळं भाच्याला तोंडाने सांगायची वेळ आल्यावर लक्षात आलं की माझ्याकडे त्यासाठी शब्दच नाहीत. मी काठावरून ओरडतो, ‘‘डावीकडे, डावीकडे सरक, पळतीय का बघ!’’ तो म्हणतो, ‘‘मामा, पळतीय म्हणजे काय?’’

आता उन्हाचं. आमचा एचडीपीई प्लास्टिकचा कागद एका अंशाला मीटरमागे साधारण 0.2 मिलिमीटर वाढतो. ऐकायला काहीच नाही. पण 30 मीटरचा काठ धरा आणि पहाट ते दुपार 30 अंशांचा फरक धरा, की 18 सेंटिमीटर कागद जास्तीचा होतो. पहाटे सपाट अंथरलेल्या तळ्यात दुपारी लाटा उभ्या राहतात आणि संध्याकाळी आपोआप बसतात. नवखा गडी दुपारच्या लाटा बघून घाबरतो. चौघांना लावून कागद ताणतो, काठावर कागदाची कड धरणाऱ्या चरात माती लोटतो आणि ढोलकीसारखं ताठ तळं मालकाला दाखवतो. मालकही खूश. मग डिसेंबर येतो. आमच्या निफाडकडे पारा पाच अंशांच्या आसपास उतरतो. कागद आखडतो, पण सुटायला त्याला वाव नसतो, कारण वर चराने तो पक्का धरलेला असतो. मग तो उताराच्या पायथ्याशी जमीन सोडतो आणि काठापासून तळापर्यंत हवेत तिरपा लोंबतो. तिथे पाणी सोडलं की तीन मीटर खोलीला दर चौरस मीटरवर तीन टन वजन, आणि खाली टेकायला काही नाही. जोड तिथेच उसवतो.

म्हणून दुपारी थोड्या चुण्या दिसल्याच पाहिजेत. किती, ते ऋतू बघून ठरवायचं. चर भरायचा तो सकाळी, कागद आखडलेला असताना. पाणीही पहाटेच सोडायचं आणि घोट्याएवढं होईतो आत पाय चालवत राहायचं. त्याच्या पुढे पाणी चढलं की पायाचं काही चालत नाही. जी चुणी राहिली ती वजनाखाली चपटी होऊन कायमची मुडपते. मुडपलेली धार एचडीपीईला फार सोसत नाही. काही वर्षांनी तिथेच केसासारखी चीर पडते, आणि गाळ काढायला उतरलेल्या गड्याचं फावडंही नेमकं तिथेच अडकतं.

हे मी शेतकऱ्यांना सांगत आलो. पण ते अनुदानाच्या फोटोत दिसत नाही. 2016 साली ‘मागेल त्याला शेततळे’ ही अनुदान योजना आली तेव्हापासून ज्याच्या दारात ट्रॅक्टर तो अस्तरीकरणाचा ठेकेदार झाला. भर दुपारी कागद ताणायचा, फोटो काढायचा, बिल घ्यायचं. काहींनी तर 500 मायक्रॉन सांगून 300चा कागद अंथरला. मायक्रोमीटर बाळगणारा शेतकरी मी अजून पाहिला नाही. ही मंडळी माझ्यापेक्षा स्वस्तात काम करतात आणि त्यांची तळी फोटोत माझ्यापेक्षा देखणी दिसतात. यातली दुसरी गोष्ट मला जास्त झोंबते.

एकदा इगतपुरीकडे एका फार्महाऊसच्या पोहण्याच्या तलावाला चुण्या पडल्या म्हणून मला बोलावलं होतं. निळं विनाइल होतं. मी रुबाबात गेलो आणि तिथे पोचल्यावर कळलं की त्याचं सगळं शास्त्रच उलटं आहे. विनाइल मऊ असतं. ते तलावापेक्षा जरा आखूडच शिवतात आणि भरताना पाण्याच्या वजनाने ताणून बसवतात. आपण ढिला सोडतो, ते आखूड बेततात. मागची हवा यंत्राने ओढून घेतात, कागद भिंतीला चिकटतो, मग पाणी. तिथल्या चुण्या मात्र पाण्यातल्या औषधाच्या होत्या. माळी डोळे मिटून आम्ल ओतत होता. पाणी फार आम्ल झालं की विनाइल पाणी पिऊन वाढतं आणि वाढलेलं परत आकसत नाही. त्या चुण्या काढता येत नाहीत, असं मी सांगितलं. मालकाला मी नालायक वाटलो असणार, पण मी पैसे न घेता परतलो.

असो. आमच्या तळ्यातलं बाकी सगळं सुटणारं आहे. सुटत नाही तो कोपरा.

कोपऱ्यातली चुणी उन्हाची नसते, मातीची नसते, गड्याचीही नसते. ती हिशोबातच असते. वर 30 बाय 30, तळाला 24 बाय 24, खोली 3, उतार एकास एक, म्हणजे बावीस लाख लिटरचं तळं. उताराची लांबी भरते 4.24 मीटर. एकसंध कागद आत बसवला की प्रत्येक कोपऱ्यात 4.24 चा चौकोन शिल्लक राहतो, आणि दोन उतारांना मिळून लागतात काठावर फक्त सहा मीटर. म्हणजे काठावर प्रत्येक कोपऱ्यात जवळजवळ अडीच मीटर कागद फुकटचा. खाली येता येता तो कमी होत टोकाला शून्य होतो. या अडीच मीटरचं काय करायचं, यावर मी आयुष्यातला फार मोठा काळ घालवला आहे. जेवताना रुमालाचे कोपरे दुमडत बसतो म्हणून घरचे चिडतात.

मी घडी घालतो. पदराला निऱ्या घालाव्यात तशी एकावर एक, तोंड पाणी पडण्याच्या विरुद्ध बाजूला, टोकाला बोटभर गोलाई ठेवून, म्हणजे धार मुडपत नाही. माझ्या घडीत जोड नाही, आणि जोड नाही तिथे गळती नाही, हा माझा सिद्धांत. शेजारच्या गावातले लोक माझा कोपरा बघायला येत. आले की मी मुद्दाम दुसरीकडे बघत उभा राहायचो, आणि कान तिकडे.

भाचा कापतो. जास्तीचं त्रिकोणी पान कापून गरम हवेच्या गनने जोड मारतो, रोलर फिरवतो, थंड झाल्यावर पेचकसाचं टोक जोडावरून ओढत नेतो. ते कुठे शिरत नाही. मी शोधलं, बराच वेळ शोधलं. त्याचं म्हणणं, ‘‘मामा, तुमच्या घडीत गाळ बसतो आणि काठावर उंदीर राहतात.’’ उंदीर राहतात हे खरं आहे. पण उतारावर गुडघे टेकून, वाऱ्यात, हाताने मारलेला पाच मीटरच्या वरचा जोड दहा उन्हाळे टिकेल का, हे त्यालाही ठाऊक नाही. गनचं तापमान वाऱ्यात पडतं, गडी चिडतो, रोलर हलका पडतो. मी काठावर बसून हे सगळं बघतो, आणि त्याचा हात हलका पडत नाही हेही बघतो. खरं सांगायचं तर त्याचा एखादा जोड फाटावा असं मला वाटलेलं आहे. मोठं तळं नको, लहानसं.

परवा सिन्नरच्या एका डाळिंबवाल्याच्या तळ्यावर माझं आणि भाच्याचं वाजलं. शेवटी तोडगा निघाला: दोन कोपरे त्याचे, दोन माझे. माझे म्हणजे मी वरून सांगायचं आणि त्याने घालायचे. त्याने तोंड वाकडं करून, पण नीट घातले.

संध्याकाळी मालक काठावरून फिरला आणि थांबला. ‘‘मिस्त्री, दोन कोपरे असे न दोन तसे का?’’

भाच्याने तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, ‘‘वाऱ्याच्या अंगाला घडीच घालावी लागते.’’

असं काही नसतं. पण मालक मान डोलावत गेला आणि फोटो त्याने घडीचाच काढला.