हस्तांतरणानंतर

गावाची नळपाणी योजना पुरी झाली की हस्तांतरणाचा कागद होतो. कंत्राटदाराचं शेवटचं देयक निघतं, सरपंच-ग्रामसेवकांच्या सह्या होतात आणि विहीर, पंपघर, ऊर्ध्ववाहिनी, उंच टाकी, गल्लीगल्लीतले नळ हे सगळं ग्रामपंचायतीच्या ताब्यात जातं. माझी सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागात झाली. अशा कागदांवर मीही सह्या केल्या आहेत. तेवढ्या अधिकाराने सांगतो: गावाला सरकारच्या तांत्रिक मदतीची सगळ्यात जास्त गरज त्या कागदानंतर लागते, आणि आपली बहुतेक मदत त्याआधीच संपलेली असते.

त्याआधी मदत भरपूर मिळते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७२पासून आहे. राज्याचा ऐंशी टक्क्यांहून अधिक भाग बेसॉल्टचा. या कातळात पाणी सगळीकडे सारखं नसतं, भेगांत आणि कुजलेल्या मुरमाच्या थरात असतं. ते नेमकं कुठे आहे हे या यंत्रणेतले भूवैज्ञानिक माळावर हिंडून सांगतात. आटत चाललेल्या विंधनविहिरीत दाबाने पाणी सोडून खडकातल्या भेगा मोकळ्या करण्याचं कामही तेच करतात. मोठ्या योजनांसाठी महाराष्ट्र जीवन प्राधिकरण आहे. १९७७मध्ये पाणीपुरवठा व जलनिःसारण मंडळ म्हणून ते सुरू झालं, १९९७मध्ये त्याला आजचं नाव मिळालं. ऑगस्ट २०१९मध्ये जलजीवन मिशन जाहीर झालं आणि माणशी रोज ५५ लिटर, तेही घरातल्या नळाने, असं उद्दिष्ट ठरलं. उद्भवाचा दाखला, अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, मोजमाप पुस्तिका या प्रत्येक टप्प्यावर जाणकार माणूस असतो.

मग पाणी सुरू होतं, आणि सगळी योजना एका माणसावर येते. बहुतेक गावांत तो ग्रामपंचायतीचा शिपाईच असतो. मोटार चालू करायची, व्हॉल्व्ह फिरवायचे, फुटलेली लाइन जोडायची आणि टाकीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकायचं, हे सगळं त्यानेच करायचं.

टीसीएलचंच घ्या. दोन हजार वस्तीच्या गावाला रोज १,१०,००० लिटर पाणी लागतं. हजार लिटरला पाच ग्रॅम धरलं तर ५५० ग्रॅम पावडर झाली. ताज्या पावडरीत साधारण ३३ टक्के क्लोरिन असतो, म्हणजे लिटरमागे दीड मिलिग्रॅमहून थोडा जास्त. पाण्यातली घाण आणि जीवाणू त्यातला बराचसा खाऊन टाकतात. शेवटच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम उरला, तर पाणी वाटेत कुठे दूषित झालं तरी थोडा बचाव होतो. आता तीच पावडर तोंड उघड्या पोत्यात, ओल्या पंपघरात, दोन महिने पडून राहिली असं समजा. क्लोरिन उडून दहा टक्क्यांवर आला, की ५५० ग्रॅमचा डोस लिटरमागे अर्ध्या मिलिग्रॅमवर येतो, आणि आषाढातलं गढूळ पाणी तेवढा सहज संपवतं. नोंदवहीत ‘५५० ग्रॅम टाकले’ असं लिहिलेलं असतं आणि ते खरंही असतं. तरी गावात जुलाबाची साथ येते.

हे त्या शिपायाला कोणी समजावलेलं नसतं. पावडर बादलीत कालवून ठेवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरची निवळी तेवढी टाकीत सोडायची, अर्ध्या तासाने क्लोरिन तपासायच्या ओ.टी. द्रावणाचे थेंब घालून पिवळा रंग येतो का ते बघायचं आणि नमुना टाकीखालच्या नळाचा न घेता गावाच्या टोकाच्या घरातला घ्यायचा. शिकायला एक सकाळ पुरते. पण शिकवणारा गावात यावा लागतो, आणि पावसाळ्याच्या तोंडी पुन्हा यावा लागतो. पाण्याची जोखीम तपासून ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड देण्याची आपल्याकडे पद्धत आहे. लाल कार्ड टपालाने येतं. त्याच्यासोबत माणूस यायला हवा.

टोकाच्या घरांचं दुखणं तर पाइपातलं आहे. पाणी दिवसातून तासभर येणार हे ठाऊक असल्यामुळे वरच्या आळीत नळाला टिल्लू पंप लागतात, आणि खालच्या घरांत पाण्याऐवजी हवा येते. त्याहून वाईट म्हणजे पुरवठा बंद असताना रिकाम्या पाइपात ओढ निर्माण होते आणि फुटक्या जोडातून गटाराचं पाणी आत खेचलं जातं. पंप जप्त करून हे थांबत नाही. कराडजवळच्या मलकापूरने दीड दशकापूर्वी जीवन प्राधिकरणाच्या मदतीने चोवीस तास, मीटरने पाणी द्यायला सुरुवात केली. पाइप सतत भरलेला आणि दाबाखाली राहिला की बाहेरची घाण आत शिरत नाही, साठवणूकही करावी लागत नाही, आणि मीटर असला की गळकी तोटी घरचाच माणूस बदलतो. तिथे अभियंत्यांची साथ आराखड्यावर संपली नाही. या योजनेतली मला सगळ्यात मोलाची वाटणारी बाब तीच आहे.

अमेरिकेत लहान गावांसाठी १९८०पासून एक व्यवस्था आहे. दहा हजारांपर्यंत वस्तीच्या गावांच्या पाणी आणि सांडपाणी योजनांकडे तिथल्या केंद्रीय कृषी खात्याच्या पैशातून फिरता तंत्रज्ञ जातो. त्याला सर्किट रायडर म्हणतात. गळती शोधणं, डोस बसवून देणं, पाणीपट्टीचा हिशेब मांडून देणं ही त्याची कामं. दंड करणारा निरीक्षक तो नव्हे. त्यामुळे गावचा कर्मचारी त्याला बिघाड लपवून न ठेवता दाखवतो, आणि मला वाटतं त्या व्यवस्थेचं यश यातच आहे. आपल्याकडे नळ जोडणारा, वीज बघणारा, पंप चालवणारा असे ‘नल जल मित्र’ गावातूनच तयार करायचं ठरलं, हे पाऊल योग्यच आहे. पण अडल्यावर त्यांनी कोणाला फोन करायचा, ही जागा अजून रिकामी आहे.

आणि आता सांडपाणी. घरात आलेल्या पाण्यातलं साधारण ऐंशी टक्के पाणी मोरीवाटे बाहेर पडतं असं अभियंते धरतात. दोन हजार वस्तीच्या त्या गावात ते रोज ८८,००० लिटर झालं. हंड्याने पाणी आणायचे तेव्हा हा प्रश्न इतका मोठा नव्हता. नळ आले आणि गल्ल्या ओल्या झाल्या. स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात पाच हजारांपर्यंतच्या गावाला सांडपाण्यासाठी माणशी २८० रुपये ठरले. शोषखड्डे निघाले, पण अनेक ठिकाणी जमीन न बघता. काळी माती ओली झाली की फुगते आणि पाणी पिणं बंद करते; तिथे खड्डा काळी फोडून मुरमापर्यंत न्यावा लागतो. मुरूम फार खोल असेल तर शोषखड्ड्याचा नाद सोडून पाणी परसबागेला किंवा गावाबाहेरच्या स्थिरीकरण तळ्याला न्यावं. कोकणच्या जांभ्यात उलटा धोका: पाणी झरझर मुरतं आणि शेजारच्या विहिरीत उतरतं, म्हणून तिथे विहिरीपासूनचं अंतर आधी बघायचं. खणण्याआधी छोटा खड्डा घेऊन त्यात पाणी भरावं आणि ते किती वेळात किती उतरतं ते मोजावं. कोणत्या गावात काय चालेल हे या चाचणीत कळतं, आणि ही चाचणीही त्या फिरत्या माणसाचंच काम आहे.

त्याच्या पगाराची सोय होऊ शकते. पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतींच्या अनुदानाचा साठ टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून दिला होता, आणि त्यात देखभालही बसत होती. असा बांधील निधी पुढेही राहावा आणि पंचवीस-तीस ग्रामपंचायतींनी मिळून त्यातून एक तंत्रज्ञ नेमावा. प्रशिक्षण आणि उपकरणं जिल्हा परिषदेने द्यावीत. मे महिन्यात विहिरींची उपसा चाचणी, जूनआधी टीसीएल आणि जोडांची तपासणी, दिवाळीनंतर पाणीपट्टीचा ताळेबंद असा त्याचा वर्षाचा फेरा असावा. हस्तांतरणाच्या कागदावर, सरपंचांच्या सहीशेजारी, त्याचं नाव आणि फोन नंबर लिहावा.