निमगाव केतकीच्या मुक्कामी

देहूहून निघालेली श्री संत तुकाराम महाराजांची पालखी बारामती आणि सणसर मागे टाकून इंदापूरच्या अलीकडे निमगाव केतकीला पोहोचते, तोवर दहा-बारा दिवसांची चाल झालेली असते आणि वारकऱ्याच्या शरीराचे सगळे हिशेब उघडे पडलेले असतात. पायांचे फोड, बिघडलेले पोट, चुकवलेली औषधे, उसनी आणलेली हिंमत यांपैकी काहीच आता लपत नाही. तुकोबांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ साली हा पालखी सोहळा सुरू केला. करोनाची दोन वर्षे वगळता गेली एकवीस वर्षे मी या वाटेने एकाच दिंडीतून चालते आहे. ‘जेवायला काय मिळते, खर्च किती येतो, वाटेत पाहण्यासारखे काय आहे?’ हे तीन प्रश्न नवे वारकरी मला हमखास विचारतात. विचारताना ते थोडे संकोचतात, जणू भक्तीच्या वाटेवर असे काही विचारणे गैरच. मला ते मुळीच गैर वाटत नाही. ज्याला पंढरपूरपर्यंत चालायचे आहे, त्याने जेवणाचा विचार आधी करावा.

वारीत उपासमार होत नाही. अडचण आहे ती याच्या अगदी उलट. यवतला काळभैरवनाथाच्या मंदिरात गावकरी पिठले-भाकरी करून वारकऱ्यांना जेवू घालतात, ती पंगत तर प्रसिद्धच आहे. पण बारामती सोडली की रस्त्याच्या दुतर्फा हात पुढे झालेले असतात. चहा, केळी, बिस्किटे, राजगिऱ्याचे लाडू, जिलेबी, पुन्हा चहा. देणाऱ्याच्या डोळ्यांतला भाव पाहून नाही म्हणवत नाही. माझा भाचा मुंबईहून गोव्यापर्यंत मोठ्या प्रवासी जहाजाने जाऊन आला, तेव्हा त्याने नेमके हेच सांगितले होते : जेवणाचे पैसे तिकिटातच धरलेले, त्यामुळे माणसे भूक लागली म्हणून जेवत नाहीत, समोर मांडले आहे म्हणून जेवतात. तिथे वसुलीची भावना असते आणि इथे प्रसादाची. पोटाला मात्र हा भेद कळत नाही. चालतो आहोत, सगळे जिरेल, हा समज मधुमेह असलेल्यांना विशेष महाग पडतो. दिवसभरात आठ-दहा कप गोड चहा सहज होतात आणि भाकरीच्या वेळी भूकच नसते.

माझा नेम साधा आहे. दिंडीची दोन जेवणे आणि सकाळची न्याहारी पोटभर घ्यायची. मधल्या वाटेत जे मिळेल ते कपाळाला लावून पिशवीत ठेवायचे, खरी भूक लागली तर खायचे, नाही तर मुक्कामी कुणा लेकराच्या हातावर द्यायचे. प्रसाद नाकारल्यासारखे होत नाही आणि देणाऱ्याचे मनही मोडत नाही. चिरलेली फळे, उघड्यावरचे सरबत आणि दुपारपासून झाकून ठेवलेला भात यांना मात्र मी हात जोडते. शिजलेला भात कोमट राहिला की त्यात जंतू वाढतात आणि तो पुन्हा गरम केला तरी त्यांचे विष उरू शकते. भाकरी, पिठले, ठेचा आणि कांदा हे दिंडीचे जुने जेवण नुसत्या गरिबीतून आलेले नाही. ते ताजे करता येते, लवकर होते, चालणाऱ्याला पुरते आणि खाऊन सुस्ती येत नाही.

याच वाटेवर, बेलवाडीचे रिंगण आटोपून अंथुर्ण्याकडे येताना, आमच्या दिंडीतल्या एक बासष्ट वर्षांच्या आक्का चालता चालता अडखळू लागल्या. अंगाला दरदरून घाम, हातांना कंप आणि बोलणे असंबद्ध. ऊन लागले म्हणून कुणी डोक्यावर पाणी ओतू लागले. त्यांच्या सुनेने मात्र ओळखले. सकाळी मधुमेहाची गोळी घेतलेली, रिंगणाच्या गर्दीत न्याहारी राहून गेलेली आणि वर दोन तासांची चाल. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून तिने आक्कांना दिली. पंधरा मिनिटांनी त्या माणसांत आल्या, मग भाकरी खाल्ली आणि संध्याकाळी वाहनाने निमगावला पोहोचल्या. सुनेला हे ठाऊक नसते तर काय झाले असते, याची कल्पना त्या रात्री तंबूतल्या प्रत्येकाला होती. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांना रोजची चाल किती आहे ते सांगून मात्रा ठरवून घ्यावी, आणि खिशात साखर ठेवावी. रुग्ण शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नये. सरळ रुग्णवाहिका गाठावी.

आता खर्चाविषयी. दिंडीत नाव नोंदवताना जी रक्कम द्यायची तिला भिशी म्हणतात. तीत जेवण, सामानाचा ट्रक, राहुटी आणि पाण्याचा टँकर येतो. अलीकडे काही दिंड्या खाटा, गाद्या, मोबाइल चार्ज करण्याची सोय अशा गोष्टी सांगून जास्त भिशी घेतात. घेऊ देत, पण मी कुणाला सल्ला देताना खाटांबद्दल बोलत नाही. टँकर कुठे भरतात, पाण्यात क्लोरिन टाकतात का, आचारी दरवर्षी तोच असतो का, आणि बायकांच्या शौचालयाची सोय तळापासून किती लांब असते, एवढे विचारावे. शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. आडोसा मिळणार नाही या धास्तीने बायका दिवसभर पाणीच पीत नाहीत आणि मग लघवीची जळजळ, ताप अंगावर काढत पंढरपूर गाठतात. फिरत्या शौचालयांमुळे पूर्वीपेक्षा पुष्कळ सुधारणा झाली आहे, तरी तळ विस्तीर्ण असतो आणि अंधारात चिखल तुडवत जाणे वयस्क बाईला जमतेच असे नाही. जी दिंडी याची चोख व्यवस्था करते, तिला चार पैसे अधिक द्यावेत.

हात धुण्याचा मुद्दा क्षुल्लक वाटतो, तो तसा नाही. मोठ्या प्रवासी जहाजांवर नोरोव्हायरस नावाचा विषाणू शिरला की शेकडो प्रवाशांना एकदम उलट्या-जुलाब होतात. सॅनिटायझरने तो नीट मरत नाही, साबण आणि पाणीच लागते. शेकडो माणसे एकत्र जेवतात, एकाच डावाला सगळ्यांचे हात लागतात, ही स्थिती आपल्या पंगतीतही असतेच. आमच्या दिंडीत पंगतीच्या तोंडाशी पाण्याचे पिंप आणि साबण ठेवून एक तरुण उभा असतो. हात धुतल्याशिवाय तो कुणालाच आत सोडत नाही, बुवांनाही नाही. तरीही जुलाब झालेच तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, हे द्रावण घोट घोट घेत राहावे.

निमगावात जेवणानंतर विडा पुढे येतो, कारण हे गावच पानमळ्यांचे. पानमळ्यात एकदा जरूर जावे. शेवरी-पांगाऱ्यावर चढवलेले वेल, खाली ओलसर सावली. बाहेरच्या डांबरी आणि सिमेंटच्या उन्हातून आत शिरले की डोळे निवतात. रस्ता रुंद होताना कडेची जुनी झाडे गेली, त्यामुळे या सावलीची किंमत आता अधिकच कळते. पान खावे, त्यात बडीशेप, थोडे खोबरे घालावे. सुपारी आणि तंबाखू मात्र नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ सालीच नुसती सुपारीदेखील कर्करोगकारक ठरवली आहे, हे तंबाखू सोडून ‘साधे पान’ खाणाऱ्यांना बहुधा ठाऊक नसते.

वाटेत आजूबाजूची स्थळे पाहण्याचा उत्साह तरुणांना फार. दुपारच्या विसाव्यात जीप करून कुठेतरी जाऊन येतात, झोप बुडते आणि दुसऱ्या दिवशी पाय ओढत चालतात. माझे मत असे की वारीत पाहण्याची स्थळे वारीच्या वाटेवरच येतात. काटेवाडीला पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण होते, बेलवाडीला आणि पुढे इंदापूरला अश्व धावतो. सराटीला नीरेच्या पात्रात तुकोबांच्या पादुकांना स्नान घडते, ते पाहायला काठावर आधी जाऊन बसावे. इंदापुरात मालोजीराजे भोसले यांची गढी आहे. तळ गावातच असल्याने पायी जाऊन येता येते.

बाकीचे परतीसाठी राखून ठेवावे. उजनीच्या जलाशयात बुडालेले पळसदेवचे पळसनाथाचे मंदिर पाणी उतरले की उघडे पडते. पाऊस लांबलेला असेल तर आषाढातही ते दिसण्याची शक्यता असते. आणि तालुक्याच्या टोकाला नीरा-भीमेच्या संगमावर नरसिंहपूर आहे. एकादशी करून आम्ही पाच-सहा जणी गाडीने तिकडे जातो, लक्ष्मी-नृसिंहाचे दर्शन घेतो आणि घाटाच्या पायऱ्यांवर बसून पाय पाण्यात सोडतो. डबा घरूनच मागवलेला असतो. निमगावची पाने त्यात असतातच.